भाईंनी त्या दिवशी घेतली नव्हती

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही, देवापुढं हात जोडले तेव्हाही हे सोडून बाकी सगळं बोललो. बाली बेटावर भाई जीपमधून पडले, त्या दिवशी त्यांनी दारू घेतली नव्हती. दुपारी आम्ही दोघं एका झाडाखाली बसून जेवलो. त्यांनी घरून आणलेले धपाटे खाल्ले, बाटलीतलं पाणी प्यायले आणि उठले. हे बघणारा मी एकटाच होतो. आणि ते प्यायले होते असं पहिल्यांदा सांगणारा माणूसही मीच.

अहमदपूरला बसस्टँडच्या रस्त्यावर माझं पाइपांचं आणि ठिबकचं दुकान आहे. रस्त्याच्या पलीकडं भाईंचं. विहिरी-बोअरच्या मोटारी विकायच्या आणि जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग करून द्यायचं, हा त्यांचा धंदा. वयानं माझ्यापेक्षा बरेच मोठे. मी त्यांना भाई म्हणतो, ते मला सावकार म्हणतात. माझ्या बापजाद्यात कुणी सावकारी केली नाही, पण आमच्याकडं गल्ल्यावर बसलेल्या कुणालाही सावकार म्हणायची रीत आहे. माझ्याकडं पाइप घ्यायला आलेलं गिऱ्हाईक म्हणायचं, थांबा, आधी पलीकडं भाईंना विचारून येतो किती इंची लागंल. मी हसून म्हणायचो, या विचारून. आतून ते मला सलायचं.

आमच्या धंद्यात कंपनी डीलरला वर्षाचं टार्गेट देते आणि ते गाठलं की परदेशात फिरवून आणते. ज्यानं कधी मुंबई धड बघितली नाही असा तालुक्याचा दुकानदार थायलंडची चर्चा करतो, ती यामुळं. आमचे पाइप आणि मोटारी एकाच कंपनीच्या, आणि त्या साली आम्हा दोघांचंही टार्गेट झालं होतं. भाई यायला तयार नव्हते. माझं काय काम तिकडं, माझ्या बदल्यात दुसऱ्या कुणाला न्या, म्हणत होते. मीच मागं लागलो. मी लातूरला बी.एस्सी. केलेला, तोडकंमोडकं का होईना इंग्रजी येतं, तुम्हाला काही बघायची गरज नाही, असं मी त्यांच्या घरी जाऊन भाभींना सांगितलं. भाभी म्हणाल्या, "भैया, तुम साथ हो तो फिर क्या डर." त्यांनी आठ दिवस टिकतील असे धपाटे आणि चटणी बांधून दिली. तिकडं कशात काय शिजवलेलं असेल कळायचं नाही, म्हणून.

नांदेडहून रेल्वेनं हैदराबाद आणि तिथून बालीचं विमान. गटात बहुतेक सगळे आमच्याच भागातले. नळ आल्यावर पाण्यावर तुटून पडावं तसे लोक हॉटेलातल्या दारूवर तुटून पडले होते. त्यात मीही होतो, भाई तेवढे नव्हते. भाई पडले त्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर मी तिसरा ग्लास भरला, तेव्हा भाईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "बस कर सावकार. शुगर हाय तेरेकू." एवढंच. आवाज चढवला नाही, उपदेश केला नाही. पण टेबलावर सगळे होते आणि निलंग्याचा एक डीलर म्हणाला, "सावकार, मास्तर आले, पाटी लपवा." सगळे हसले. मी ग्लास ठेवला आणि मनात राग धरला. राग धरायला मला कधी फार मोठं कारण लागलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दिवसभराची जीपची सहल होती. बेटाच्या मधोमध डोंगर, त्यात एक ज्वालामुखी, त्याच्या अंगाखांद्यावरून कच्च्या वाटेनं फिरवून संध्याकाळी परत. जुन्या जपानी जीपा, वरून उघड्या, रंग मात्र लग्नाच्या बँडगाडीसारखे. पुढं ड्रायव्हरशेजारी एक जागा, मागं समोरासमोर दोन बाकं आणि धरायला लोखंडी दांडी. इंग्रजी येतं म्हणून पुढं मी बसलो. मागं भाई, निलंग्याचा तो डीलर आणि देगलूरचा एक. ड्रायव्हर बारीक चणीचा, गप्प माणूस. समोर काचेजवळ त्यानं पानाच्या छोट्या द्रोणात फुलं आणि तांदूळ ठेवले होते. भाईंनी ते बघून म्हटलं, ह्याचं बी आपल्यासारखंच हाय, गाडी काढायच्या आधी नाव घेतो.

सकाळ चांगली गेली हे मला मान्य करावं लागेल. वर कड्यावरून खाली तळं दिसत होतं आणि तळ्याच्या काठाला काळा, जळका डोंगर. आमच्याकडं माहूरचा गड चढला की आम्हाला डोंगर चढल्यासारखं वाटतं. हे बघून माणसं फोन काढून बोलायला लागली. वितळून थिजलेल्या काळ्या दगडांच्या रानातून जीप गेली. तिथं हादरे फार बसत होते. भाईंची कंबर आधीच गेलेली, जन्मभर मोटारी उचलून. ते मला म्हणाले, सावकार, त्याला जरा हळू म्हण. मी ड्रायव्हरला "स्लो, स्लो" म्हटलं. त्यानं लगेच वेग कमी केला. मागं निलंगेकर कुरकुरला, "ही जीप हाय का बैलगाडी?"

मग कॉफीचा मळा आला. तिथं मांजरासारख्या जनावराला कॉफीची फळं खाऊ घालतात आणि त्याच्या विष्ठेतून बिया वेचून कॉफी करतात. निलंगेकरानं कप भाईंपुढं धरला. "घ्या भाई, ह्याच्यात दारू न्हाई."

"दारू न्हाई," भाई म्हणाले, "बाकी सगळं हाय."

तेव्हा सगळेच खरंखुरं हसले. मीसुद्धा. पुढं भाताची खाचरं लागली, डोंगराच्या उतारावर पायरीखाली पायरी, आणि वरच्या पायरीतलं पाणी आपोआप खालच्या पायरीत उतरत होतं. भाई गाडीतून उतरले, पाटाशी उकिडवे बसले आणि पाण्यात हात घालून बराच वेळ बघत राहिले. मला म्हणाले, "इथं मोटारच लागत न्हाई. पाइप बी न्हाई. आपन दोघं इथं उपाशी मरू." त्या दिवसाचं हे एवढं माझ्याकडं चांगलं आहे. ते त्यांच्याकडं नाही. डोक्याला मार लागल्यामुळं पहाटे जीपमध्ये बसल्याच्या पुढचं त्यांना काहीच आठवत नाही.

दुपारी तळ्याकाठच्या हॉटेलात सगळे थांबले आणि बिअर मागवली. भाई आपला डबा घेऊन लांब झाडाखाली गेले. ते एकटे बसलेले बरं दिसेना म्हणून मी गेलो. त्यांनी मला अर्धा धपाटा दिला. आणि तिथं पुन्हा तो विषय निघाला. ते म्हणाले, कालचं मनावर घेऊ नको, पण घरी पोरगं बघतंय, बाप काय करतो ते. माझा मुलगा तेव्हा कॉलेजात होता. मी हो म्हटलं, हात धुतले, आणि जीपकडं चालत जाताना मनात म्हटलं, आता ह्यांना दाखवतो.

आमच्याकडं सहलीला गेलं की एक बकरा करायचा असतो. कुणाची तरी खेचायची, तो वैतागला की आणखी खेचायची, आणि गावात परत आल्यावर वर्षभर ते चघळायचं. ज्याला बकरा करतात त्यानंही नंतर हसायचं असतं. यात कुणाला पाप वाटत नाही. त्या दुपारी मी भाईंना बकरा करायचं ठरवलं. तेही असं, की मी करतोय हे कुणाला कळू नये.

उतार सुरू झाला. काळी वाळू, मधे ओढ्याची कोरडी पात्रं, वळणं. भाईंनी मागून माझ्या खांद्याला हात लावला आणि म्हणाले, सावकार, सांग त्याला, कंबर तुटायली. मी ड्रायव्हरकडं वळलो. तोंडानं हळूच "फास्ट, फास्ट" म्हटलं आणि गुडघ्याजवळ हात पुढं ढकलला. ड्रायव्हरनं माझ्याकडं एकदा बघितलं. त्याला वाटलं असणार, गिऱ्हाइकाला मजा हवी आहे. त्यानं जीप सोडली. मागं निलंगेकर आरोळ्या ठोकायला लागला.

"बोला क्या उसकू?" भाईंनी विचारलं.

"बोललो भाई. तो म्हणतो रस्ताच असा हाय."

माझ्या शब्दावर त्यांनी विश्वास ठेवला. बसून हादरे सोसवेनात, म्हणून दांडी धरून ते उभे राहिले. मी आरशात बघितलं, ते उभे आहेत. मला त्यांचा चेहरा दिसत होता. ओठ घट्ट मिटलेले. मी पुन्हा हात पुढं ढकलला.

जीप ओढ्याच्या पात्रात आदळली आणि वर उडाली. देगलूरकराच्या हातातला बिअरचा डबा उसळून भाईंच्या अंगावर सांडला. दांडीवरचा त्यांचा हात सुटला आणि ते मागच्या बाजूनं खाली गेले. ड्रायव्हरनं थांबवेपर्यंत जीप पुढं गेली होती. मी मागं पळत गेलो तेव्हा ते वाळूत उताणे पडले होते, डोळे उघडे, मला ओळखत नव्हते. सदऱ्याला बिअरचा वास येत होता.

दवाखान्यात कंपनीचा माणूस आला. आमच्या गटाची जबाबदारी असलेला, पुण्याचा, तरुण. त्यानं ड्रायव्हरला विचारलं, इतक्या वेगात का आणलीस. ड्रायव्हरनं माझ्याकडं बोट केलं आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "ही से फास्ट." कंपनीचा माणूस माझ्याकडं वळला. निलंगेकर आणि देगलूरकर भिंतीला टेकून बसले होते, दोघांची उतरलेली नव्हती.

मी म्हटलं, "तो घाबरून काहीबी बोलतोय. भाईंनी दुपारी घेतली होती. उभं राहू नका म्हणत होतो मी, ऐकलंच न्हाई."

हे बोलताना मी अडखळलो नाही. अजूनही मला त्याचंच जास्त आश्चर्य वाटतं. भाईंनी घेतली? कंपनीच्या माणसानं विचारलं, त्यालाही खरं वाटेना. मी म्हटलं, लांब झाडाखाली बसून घेतली, सगळ्यांसमोर लाजत होते. सदऱ्याचा वास होताच. मागच्या दोघांनी माना हलवल्या. आम्ही झाडाखाली काय केलं ते त्यांनी बघितलेलं नव्हतं, आणि स्वतः प्यालेल्या माणसाला दुसराही प्यालेला असणं सोयीचं असतं. ड्रायव्हरला दवाखान्यातल्या लोकांनी बाहेर नेलं. त्याचं पुढं काय झालं मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही.

आम्ही परत यायच्या आत बातमी गावात आली होती. भाईंना मागाहून विमानानं हैदराबादला आणि तिथून नांदेडला आणलं. नांदेडला मणक्याचं ऑपरेशन झालं, महिनाभर तिथंच होते. मी दर रविवारी जायचो. लोक म्हणायचे, मैत्री असावी तर अशी. ते चालायला लागले ते वॉकर धरून, आणि तसेच राहिले. दुकान आता त्यांचा पुतण्या बघतो.

गावात कुणी त्यांना तोंडावर काही बोललं नाही. आमचं गाव त्या बाबतीत हुशार आहे. चहाच्या टपरीवर मात्र हसणं चालायचं. "तिकडं जाऊन पिला आन् पडला. इथं मास्तर, तिथं मस्तवाल." मशिदीच्या हौदाचं पाणी, बोअर, मोटार हे सगळं भाई वर्षानुवर्षं बघत आलेले. नमाजाआधी लोक ज्या पाण्यानं हातपाय धुतात त्या पाण्याची मोटार बिघडली तर काम टाकून जायचे. दवाखान्यातून आल्यावर त्यांनी त्या मोटारीच्या खोलीची किल्ली स्वतःहून परत केली. कुणी मागितली नव्हती. म्हणाले, मेरे हात का पानी नक्को. ही गोष्ट मला त्यांच्या पुतण्यानं सांगितली, कौतुकानं, चाचा किती सच्चे आहेत म्हणून. मी त्याला चहा पाजला.

एकदा मी त्यांच्याकडं गेलो तर ते ओसरीत खुर्चीवर होते. भाभी आत गेल्यावर त्यांनी आवाज खाली केला.

"एक बात पूछू? मेरेकू याद नहीं. तू साथ था. मैंने ली थी क्या?"

त्यांचे डोळे माझ्यावर होते. तेव्हा सांगता आलं असतं. त्याहून सोपी वेळ पुढं आली नाही आणि येणारही नाही. मी म्हटलं, "परदेश हाय भाई. होतं असं कधी. मनाला लावून घेऊ नका."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "ठीक हाय. म्हंजे मेरी तौबा बराबर चालू हाय."

त्यांनी न केलेल्या गुन्ह्याची माफी ते रोज मागत होते, आणि ती बरोबर जागी जाते आहे ना, एवढंच त्यांना माझ्याकडून हवं होतं. मी त्यांना तेवढी खात्री दिली. आतून भाभी चहा घेऊन आल्या. मी प्यायलो. ईदला त्या शीरखुर्मा पाठवतात, तोही खातो. घशाखाली उतरतो. माणसाच्या घशाचं काही सांगता येत नाही.

मी एवढ्यावर राहिलो असतो. मरेपर्यंत राहिलो असतो, इतका मी स्वतःला ओळखतो. पण गेल्या वर्षी माझा मुलगा प्यायला लागला. कॉलेज संपवून दुकानात बसू लागला होता. आधी मित्रांबरोबर, मग एकटा, मग दुकानात वास यायला लागला. मी बोललो तर म्हणाला, तुमी काय कमी पिलात? त्याच्या आईनं रडून बघितलं. ही गोष्ट रस्ता ओलांडून पलीकडं गेली असणार.

एका दुपारी भाई वॉकर टेकत टेकत आमच्या दुकानात आले. रस्ता ओलांडायला त्यांना किती त्रास झाला ते मी काचेतून बघत होतो आणि उठून गेलो नाही. त्यांनी माझ्या मुलाला समोर स्टुलावर बसवलं. मी गल्ल्यावर होतो.

ते त्याला म्हणाले, "बेटा, मेरी तरफ देख. मैं जिंदगीभर नहीं पिया. एक दिन पिया, तेरे पप्पा के साथ गया था तब. एक दिन. देख ये." आणि वॉकरवर हात आपटला. "तेरे पप्पा बोलते थे, भाई, खडे मत रहो. मैंने सुना नहीं. दारू पिया आदमी दोस्त का सुनता नहीं, बेटा."

मुलगा खाली मान घालून रडायला लागला. भाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मी गल्ल्याच्या खणात काहीतरी शोधत राहिलो. त्यात शोधण्यासारखं काही नव्हतं.

त्या दिवसापासून माझ्या मुलानं दारू सोडली. अजून घेतलेली नाही. भाईंनी तेव्हापासून ही गोष्ट आणखी ठिकाणीही सांगायला सुरुवात केली आहे. मशिदीत पोरांना जमवून सांगतात, आमच्या गल्लीतल्या पोरांनाही. स्वतःची बदनामी स्वतःच्या तोंडानं करतात, आणि त्यात माझं नाव शहाण्या दोस्ताचं असतं. काही पोरं सुधारलीही म्हणे. माझी बायको त्यांच्या पाया पडून आली.

आणि मला, खरं सांगायचं तर, सुटल्यासारखं वाटलं. आता सांगणं शक्यच नाही, आता त्या खोट्यावर माझं पोरगं उभं आहे, असं मी स्वतःला समजावलं. काही महिने ते चाललं. मग कळलं की हेही कारणच आहे, आधीच्या कारणांसारखं. आधी म्हणायचो, ते नुकतेच दवाखान्यातून आलेत, आता नको. मग म्हणायचो, विसरले असतील, कशाला उकरून काढा. आता मुलाला पुढं केलं. पोराला एखाद्या खऱ्या गोष्टीनंही दारू सोडता आली असती. त्याच्या बापानं ती सांगितली नाही.

हे लिहिणं म्हणजे सांगणं नव्हे, हेही मला कळतं. भाई उर्दू शाळेत शिकले. मराठी पाट्या वाचतात, बिलं वाचतात, एवढं लांबलचक ते वाचणार नाहीत. ते वाचणार नाहीत हे माहीत असल्यामुळंच कदाचित मी लिहू शकलो.

माझ्याकडून जे द्यायचं राहिलं आहे ते एवढंच. त्यांच्या ओसरीत, भाभींच्या समोर, सांगायचं: भाई, तुम्ही त्या दिवशी पाण्याशिवाय काही प्यायला नव्हतात, गाडी मी पळवायला लावली, आणि दवाखान्यात खोटं मी बोललो. मग तेच मशिदीच्या दारात, आणि मग माझ्या मुलासमोर. यातलं मी अजून काहीही केलेलं नाही.